चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. चार मित्र मिळून ताम्हिणीतून कोकणात उतरणार आहेत, पावसात. त्याची दीडशे सीसीची गाडी अडतीस हजार किलोमीटर चाललीय. "मामा, चेन किट आणि क्लच केबल बदलू का? मेकॅनिक म्हणतो, चालतंय तोवर चालू दे. शोरूमवाले म्हणतात, सगळंच बदला." मी त्याला जे सांगितलं ते पुढे येईलच. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की या साध्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात माणसं मेलीत, विमानं पडलीत आणि आपल्या महाराष्ट्रातले पूलही आहेत. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. चहा घेऊन बसा.

सुरुवात फ्रान्सपासून करू. ८ मे १८४२. व्हर्सायच्या बागेत राजा लुई फिलिपच्या नावानं उत्सव होता, कारंजी सुरू होती, पॅरिसहून लोक लोटले होते. संध्याकाळी परतीची गाडी खच्चून भरलेली. म्यूडाँजवळ पुढच्या इंजिनाचा आस तुटला. आस म्हणजे अ‍ॅक्सल, चाकांना जोडणारा दांडा. इंजिन घसरलं, मागचे डबे त्यावर चढले, भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला. आणि त्या काळी डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद करायची पद्धत होती, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी! किमान ५५ माणसं गेली. त्यात अंटार्क्टिकाची सफर करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हील होता, बायको आणि मुलासकट. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ ज्याला मारू शकला नाही, तो पॅरिसच्या लोकलमध्ये गेला.

आस कसा तुटला? वर्षानुवर्षं चाललेला दांडा, वजन नेहमीचंच, बाहेरून धडधाकट. त्या वेळचा लोकप्रिय समज असा होता, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे आतून स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनतं. थोडक्यात, लोखंड म्हातारं होतं. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअरनं तुटलेले आस तपासले आणि १८४३ साली वेगळंच मांडलं. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते. प्रत्येक फेऱ्याला ती केसभर आत सरकते. उरलेलं लोखंड चांगलंच असतं, फक्त कमी कमी होत जातं. एक दिवस उरलेला भाग वजनाला पुरत नाही आणि मग कटकन.

पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरनं यावर आयुष्याची दोन दशकं घातली. यंत्रावर दांडे लाखो वेळा वाकवून बघितले. त्याला सापडलं ते असं, की एका फटक्यात जे वजन दांडा हसत पेलतो, तेच पुन्हा पुन्हा आलं तर त्याहून कितीतरी कमी वजनाला तो मोडतो. आणि पोलादाच्या बाबतीत एका ठरावीक मर्यादेखाली ताण ठेवला, तर तो जवळजवळ कायम टिकतो. यालाच आज 'फटीग' म्हणतात. मराठीत धातूची थकावट म्हणतात, पण त्यातून पुन्हा म्हातारपणाचाच भास होतो, म्हणून मला तो शब्द फारसा आवडत नाही.

तुमच्या गाडीची क्लच केबल नेमकी अशीच जाते. हँडलपाशी, जिथे ती लिव्हरमध्ये शिरते, तिथे ती दर गिअरला वाकते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एका तासात किती वेळा, मोजून बघा. आतल्या तारा एकेक करून तुटतात. पंधरा-वीस तारांमधल्या दोन-तीन तुटल्या तरी क्लच चालतो. "चालतंय ना" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, हे लक्षात घ्या. तो फक्त उरलेल्या तारा मोजत नसतो.

रेल्वेवाल्यांनी यातून धडा घेतला तो असा: ठरावीक अंतर झालं, की तपासा, ठोकून बघा, बदला. शंभर वर्षं हाच शहाणपणा मानला गेला. जितकी जास्त देखभाल, तितकी जास्त सुरक्षितता. कारखाने, जहाजं, विमानं, सगळीकडे एकच वेळापत्रक. आणि यात काही चूक असेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

ती शंका आली एका जीवशास्त्रज्ञाला. सी. एच. वॉडिंग्टन हा मूळचा भ्रूणशास्त्राचा माणूस. कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू कसं वाढतं याचा अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडनं अशा शास्त्रज्ञांचा एक गट कामाला लावला होता. काम होतं अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्या शोधून मारणं. अडचण अशी, की लिबरेटर विमानं आकाशात कमी आणि हँगरमध्ये जास्त. नियमाप्रमाणे दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमान तपासणीला जायचं. हा गट नोंदी काढून बसला: तपासणीनंतर किती तासांनी बिघाड होतात?

अपेक्षा काय असेल? तपासणी झाली की बिघाड कमी, मग हळूहळू वाढत जातील, पुढची तपासणी आली की पुन्हा कमी. आकडे बरोबर उलटे निघाले. तपासणीच्या लगेच नंतर बिघाड सर्वांत जास्त, आणि मग दिवस जातील तसे कमी. म्हणजे तपासणीच बिघाड घडवत होती. चांगलं बसलेलं उघडायचं, पुन्हा बसवताना एखादा नट कमी आवळायचा, नवा भाग घालायचा आणि तोच खराब निघायचा. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, निरुपयोगी कामं काढून टाकली, आणि विमानांचे उपयोगी उड्डाणाचे तास ६० टक्क्यांच्या आसपास वाढले. वॉडिंग्टननं १९४६ मध्ये लिहून ठेवलेलं पुस्तक गुप्ततेपायी छापून यायला १९७३ उजाडलं.

आपले गॅरेजवाले ही गोष्ट एका वाक्यात सांगतात. चालत्या गाडीला हात लावू नका. मला आठवतंय, टू-स्ट्रोकच्या काळात हे वाक्य कुणी ऐकत नसे, कारण गाडीच हात लावायला लावायची. चेतक तिरपी केल्याशिवाय सकाळ होत नव्हती. राजदूतवाला खिशात जादा प्लग आणि पॉलिश पेपर ठेवायचा. कार्बन काढायला सायलेन्सर उतरवणं हा रविवारचा कार्यक्रम होता. बुलेटवाले तर अजूनही लांब निघताना जुन्या क्लच केबलच्या बाजूनंच नवी केबल टायनं बांधून नेतात. जुनी तुटली की दोन्ही टोकं अडकवायची आणि पाच मिनिटांत पुढे. न बदलताही तयारीत राहायची ही युक्ती मला शोरूमच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त पटते. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगायची. लोक खरंच विसरले. त्या गाडीचं काही बिघडलं नाही, पण एका अख्ख्या पिढीची गाडीकडे बघण्याची सवय मात्र सुटली. आता आपण खंडेनवमीला गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, हळद-कुंकू वाहतो. चेन ओढून बघायची मात्र राहून जाते.

असो. इतिहासाकडे येऊ.

साठच्या दशकात जेट विमानं आली आणि जुन्या पद्धतीचा खर्च परवडेना. डीसी-८ या विमानाच्या पहिल्या देखभाल आराखड्यात ३३९ भाग असे होते, जे ठरावीक तास झाले की उतरवून पूर्ण खोलायचेच. युनायटेड एअरलाइन्सच्या लोकांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या आणि विचारलं, वय वाढलं की बिघाड वाढतो, हे खरं आहे का? स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांचा अहवाल १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी प्रसिद्ध झाला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांत वयाप्रमाणे बदलण्याचा फायदाच नव्हता. ६८ टक्के भाग तर असे, की नवे असतानाच सर्वांत जास्त बिघडायचे आणि ती सुरुवात पार पडली की शांतपणे चालत राहायचे. नंतरच्या डीसी-१० मध्ये ठरावीक तासांना खोलायचे भाग ३३९ वरून सातवर आले. सात!

विमानं असुरक्षित झाली का? नाही. कारण वेळापत्रकाच्या जागी त्यांनी काही प्रश्न ठेवले. हा भाग मोडला तर काय होईल? मोडण्याआधी तो काही खूण देतो का? ती खूण आपल्याला वेळेत दिसेल का? आणि मोडलाय हे कळेल तरी का, की गरज पडेल तेव्हाच समजेल?

भाच्याला मी हेच प्रश्न लावून उत्तर दिलं. प्लग? गेला तर गाडी बंद पडेल, जीव जाणार नाही. जादा प्लग आणि पाना सोबत ठेव, बदलू नकोस. ईसीयू, सेन्सर, कॉइल? हे वयानं जात नाहीत, हात लावू नकोस. क्लच केबल? हँडलकडचं टोक उघडून बघ. एक जरी तार तुटलेली दिसली तर बदल, नाहीतर नवी बांधून ने. टायर आणि ब्रेक शू? हे त्या उरलेल्या ११ टक्क्यांतले. झिजणं हेच त्यांचं काम. खूण संपत आली की ट्रिपची वाट बघू नकोस. आणि चेन? मागच्या चक्रीवर, अगदी शेवटच्या दातापाशी, चेन मागे ओढ. अर्धा दात उघडा दिसला तर संपली. तुटलेली चेन मागच्या चाकात अडकली की चाक जाम होतं, आणि घाटात चाक जाम होणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बदलायची तर दोन्ही चक्र्यांसकट बदल, आणि निघायच्या आदल्या रात्री नाही, दोन आठवडे आधी. नव्यात काही खोट असेल, मेकॅनिककडून लॉक नीट बसला नसेल, तर ते पुण्यातच कळू दे.

हे शेवटचं त्याला विचित्र वाटलं. नवा भाग तर सर्वांत चांगला असणार ना? वॉडिंग्टनची विमानं आठवा. त्यात आपल्याकडे डुप्लिकेट मालाचा बाजार आहे, तो हिशेब वेगळाच.

पण इथवर वाचून "कमी देखभाल म्हणजे चांगली देखभाल" असा निष्कर्ष कुणी काढणार असेल, तर थांबा. तो निष्कर्ष काढून झालेला आहे, आणि त्याची किंमत ८८ माणसांनी मोजलीय.

सप्टेंबर १९९७. अलास्का एअरलाइन्सचं एक एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियात ओकलंडच्या हँगरमध्ये मोठ्या तपासणीसाठी आलं होतं. विमानाच्या शेपटीवरचा आडवा पंख वर-खाली करणारा एक लांब स्क्रू असतो, आणि त्यावर फिरणारा नट. स्क्रू पोलादाचा, नट त्याहून मऊ धातूचा. झिजायचं ते नटानं, अशी रचनाच आहे. दोघांमधली मोकळीक किती वाढली, हे मोजायचं. कमाल मर्यादा ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. मेकॅनिकनं मोजली ती बरोबर ०.०४०. मर्यादेवर, पण मर्यादेत. त्यानं कागदावर लिहिलं: बदला.

पुढच्या पाळीत दुसऱ्यांनी पुन्हा मोजलं. ०.०३३ आलं. पुन्हा पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. आधीचा शेरा खोडला गेला आणि विमान सेवेत परत गेलं. पुढची मोजणी ३० महिन्यांनी, म्हणजे मार्च २००० मध्ये. मधल्या वर्षांत त्या स्क्रूला ग्रीस देण्याचं अंतरही टप्प्याटप्प्यानं वाढवत १९९६ पर्यंत आठ महिन्यांवर नेलेलं होतं. ३१ जानेवारी २००० रोजी, मोजणीची तारीख यायच्या आधीच, नटाचे आटे सोलून निघाले आणि विमान प्रशांत महासागरात पडलं. तपासात स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगाचं ग्रीस सापडलं नाही.

मला या कहाणीत सर्वांत जास्त खटकतं ते खोडलेलं वाक्य. नियमाप्रमाणे दुसरी पाळी बरोबर होती. ०.०३३ मर्यादेत बसतं. पण वरचे प्रश्न विचारा. हा भाग मोडला तर काय होईल? सगळे मरतील. झिजतो का? हो, झिजण्यासाठीच केलाय. पुढची खूण दिसेपर्यंत वेळ आहे का? ३० महिने, ग्रीसच्या भरवशावर. तिन्ही उत्तरं हाताशी असताना "मर्यादेत आहे" एवढंच पुरेसं कसं मानलं गेलं? दोन मोजमापांत फरक पडला, तर चांगलं वाटणारं मोजमाप खरं धरायचं, ही सवय फक्त अमेरिकेची नाही.

आता घरी येऊ.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल १९२८ सालचा, दगडी. शेजारी नवा पूल झाला होता, तरी मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. मे २०१६ मध्ये त्याची तपासणी झाली. धोका नाही, असा शेरा होता. २ ऑगस्टच्या रात्री महापुरात तो वाहून गेला. अंधारात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक खासगी गाडी सरळ नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. पूल नाहीसा झालाय हे ओळखून मागच्या गाड्या थांबवायला धावला तो जवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक माणूस.

मे महिन्यात नदीत गुडघाभर पाणी असताना वरून बघितलेला दगडी पूल काय सांगणार? अशा पुलांचा जीव पायात असतो. पुराचं पाणी पायाखालची माती ओढून नेतं, आणि ते रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. म्हणजे चौथा प्रश्न: बिघाड झाला तरी कळेल का? आणि लक्षात घ्या, तिथे नवा पूल बांधायला १६५ दिवस लागले. ५ जून २०१७ ला उद्घाटन झालं. पैसा होता, तंत्र होतं, ठेकेदार होते. शेरा नव्हता.

बरं, शेरा असला की भागतं का? १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला. चार जण गेले. तिथे धोक्याचा फलक होता. नव्या पुलाला मंजुरीही होती. महाडला कागदावर सगळं ठीक होतं. कुंडमळ्याला कागदावर धोका लिहिलेला होता, आणि पूल तसाच उभा होता. पहिल्यात बघण्यात कमी पडलो, दुसऱ्यात करण्यात. दोन्हीला "देखभालीचा अभाव" असं एकच नाव देऊन चौकशी समिती नेमली, की हा फरकच पुसला जातो.

उलट उदाहरणही आहे, ते कुणी सांगत नाही. मुंबईत मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल, दीडशे वर्षांहून जुना. असुरक्षित ठरला, आणि पडण्याआधी पाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी २७ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला. लोकांनी शिव्या घातल्या, चॅनेलवर प्रवाशांचे हाल दाखवले. नवा पूल व्हायला पुढे अडीच वर्षं लागली, जुलै २०२५ मध्ये तो सुरू झाला. त्या विलंबावर जरूर बोला, मीही बोलतो. पण आधी बदललेल्या भागाची हीच गंमत आहे. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. फक्त ब्लॉकची होते.

सार्वजनिक बांधकाम खात्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुलांची तपासणी होते आणि तिच्या नोंदी असतात. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असेल तर "पूल सुरक्षित आहे का?" असं विचारू नका, मत मागितलं म्हणून अर्ज परत येईल. कागद मागा. गेल्या तीन तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती, तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचा हुद्दा, पाण्याखालचा पाया तपासला असल्यास त्याची नोंद, आणि आधीच्या अहवालात सुचवलेल्या दुरुस्त्यांची आजची स्थिती. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. आमच्या तालुक्यातल्या दोन पुलांसाठी मी सोमवारी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.